टेम बजीसाठी नवं घर : धुळ्यापासून अमळनेरपर्यंतचं एक प्रकरण

धुळ्याच्या देवपूर भागातलं एक कुटुंब. आई-वडील, बारावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि आजी. घरात साधारण तीन वर्षांचा एकच नर बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा ऑस्ट्रेलियन पोपट, नाव चिकू. अंग निळं, तोंड पांढरं, चोचीवरची नाकपुड्यांची कातडीही ठळक निळी. पिल्लू असताना हाताने भरवून वाढवलेला असल्यामुळे तो टेम, म्हणजे माणसाळलेला, आहे : बोटावर बसतो, चष्म्याची काडी कुरतडतो आणि आजीचं ‘काय करी राहिना’ भराभर पुटपुटतो. हिवाळ्यापासून आजीचा कोरडा खोकला थांबेना, जिना चढताना दम लागायला लागला. छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून पक्ष्याच्या पिसांच्या आणि वाळलेल्या विष्ठेच्या भुकटीवर बोट ठेवलं आणि पक्षी घरातून हलवायला सांगितलं.

अशा वेळी घरोघरी पहिला उपाय केला जातो तो पिंजरा गॅलरीत ठेवण्याचा. त्याने आजाऱ्याला फारसा फरक पडत नाही, कारण भुकटी गादीत, पडद्यांत, पंख्याच्या पात्यांवर आणि कूलरच्या गवतात महिनोन्‌महिने राहते. खानदेशातल्या एप्रिलमध्ये गॅलरीतला पक्षी मात्र उन्हाने हैराण होतो. म्हणून चिकूला त्याच गल्लीतल्या एका शेजारणीकडे तात्पुरतं हलवलं. सकाळ-संध्याकाळ दाणापाणी आणि सफाई मुलगी करून यायची. येताना ओढणी बदलून हातपाय धुवायचे, हा नियम आईने घातला. घर झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसलं, पडदे-चादरी धुतल्या, कूलरचं गवत बदललं. आजीची निकड अशी वेगळी सुटली आणि पक्ष्यासाठी घर शोधायला अवधी मिळाला. हा अवधी फार मोलाचा. ‘आज संध्याकाळपर्यंत कुणीतरी घेऊन जा’ अशा घाईत दिलेले पक्षी हातोहात फिरत राहतात, आणि दर नव्या घरात थोडे अधिक बुजतात.

हिरवा राघू असता तर

चिकूच्या जागी हिरवा, गळ्यात कंठ असलेला आपल्याकडचा राघू असता, तर असं घर शोधताच आलं नसतं. आपले देशी पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. ते पाळणं, विकणं, भेट देणं, सगळंच गुन्हा ठरतं, मग तो कितीही वर्षं घरात असो आणि कितीही बोलत असो. त्याच्यासाठी वनविभागाकडेच जावं लागतं. राज्याच्या वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. माणसाळलेला राघू ‘मोकळा’ करणं हाही उपाय नाही. ज्याने वाटीतच दाणा खाल्ला, त्याला झाडावरचं खाद्य शोधता येत नाही आणि मांजराची भीती कळत नाही.

बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पिंजऱ्यातच पैदास होणारा. तो पाळायला परवानगी किंवा नोंदणी लागत नाही. पण सोडून देण्याचा विचार त्याच्या बाबतीतही करू नये. शहरात सुटलेला एकटा निळा बजी कावळ्यांच्या आणि शिक्र्याच्या तावडीत लवकर सापडतो. या कुटुंबालाही दोन नातेवाइकांनी ‘सोडून द्या, पुण्य लागेल’ असं सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, हे चांगलं झालं.

जाहिरात दोनदा लिहावी लागली

मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला पहिला मजकूर असा होता : ‘टेम बजी मोफत द्यायचा आहे, पिंजऱ्यासह. लवकर संपर्क करा.’ यातले ‘मोफत’, ‘पिंजऱ्यासह’ आणि ‘लवकर’ हे तिन्ही शब्द घातक ठरतात. फुकटचा टेम पक्षी उचलून पुढे विकणारे असतात, आणि टेम पक्ष्याला भाव जास्त मिळतो. फोनही तसेच आले. एकाने विचारलं, ‘ताई, मादी आहे का? माझ्याकडे नर जास्त झालेत.’ दुसऱ्याने पत्ता विचारून ‘दहा मिनिटांत येतो’ म्हटलं. पक्ष्याचं वय, खाणं, सवयी यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

दुसरा मजकूर आम्ही, म्हणजे घर शोधायला मदत करणाऱ्यांनी, सुचवला तो असा : ‘तीन वर्षांचा नर बजी, माणसाळलेला, एकटा राहिलेला. घरातल्या आजारपणामुळे द्यायचा आहे. दिवसभर घरात मोठं माणूस असेल अशा घरासाठीच. आधी घर बघू, मग ठरवू. पिंजरा आणि खिडकीची जाळी तुमच्याकडे तयार हवी. फोन करण्याआधी पक्षी कुठे ठेवणार त्या जागेचा फोटो पाठवा.’ यावर फोन फार कमी आले, पण जे आले ते बोलण्याजोगे होते. फोटोच्या अटीचा एक फायदा लगेच दिसला. एका फोटोत आधीचे पक्षी होते आणि त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हटलेलं होतं. आपल्याकडे बजीलाही सर्रास लव्हबर्ड म्हणतात, पण फोटोतले खरोखरचे आफ्रिकन लव्हबर्ड निघाले, जाड चोचीचे. ते बजीच्या पायाची बोटं तोडतात, त्यामुळे दोघांना एका पिंजऱ्यात कधीही ठेवू नये. त्या घराला तिथेच नम्रपणे नाही म्हटलं.

चार नकार

शिरपूरचा मावसभाऊ सगळ्यात आधी तयार झाला. घर मोठं, माणसं प्रेमळ, पण मुलं चार आणि सहा वर्षांची. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच त्याचा श्वास चालतो. लहान मुलाने प्रेमाने मुठीत आवळलं तर चोच मोकळी असूनही तो गुदमरतो. बजीचं वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम, त्यामुळे चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

जळगावचं जोडपं पिंजऱ्यावर हवा तेवढा खर्च करायला तयार होतं, फक्त दोघंही नोकरीवाले. सकाळी नऊला कुलूप, संध्याकाळी साडेसहाला उघडणार. थव्यात राहणाऱ्या जातीचा आणि माणसालाच थवा मानणारा पक्षी रोज इतके तास एकटा राहिला, तर आधी सतत हाका मारतो, मग गप्प होतो, काही पक्षी स्वतःची पिसं उपटायला लागतात. बजींची जोडी असती तर हेच घर चाललं असतं.

धुळ्यातल्या एका हौशी पालकाकडे गच्चीवर वीस जोड्या होत्या. पक्ष्यांची माहिती या सगळ्यांत त्यांनाच जास्त. तरीही नकार द्यावा लागला, कारण वर पत्र्याचं छप्पर होतं, आणि इथे वैशाखात पारा 44-45 वर जातो तेव्हा पत्र्याखालची हवा त्याहून तापते. शिवाय मोठ्या वसाहतीत खरजेचे किडे आणि पोटाचे आजार दिसून येईपर्यंत पसरलेले असतात, आणि इतक्या पक्ष्यांत चिकूला हातावर कुणी घेणार नव्हतं.

चौथं घर नाकारताना सगळ्यांना वाईट वाटलं. अमळनेरचं निवृत्त शिक्षक जोडपं, दिवसभर घरी, शांत स्वभावाचं, आधी पोपट नव्हे पण कबुतरं पाळलेलं. मात्र देवघर बैठकीतच. सकाळ-संध्याकाळ धूप, उदबत्ती, कापूर, रात्री मच्छर कॉइल. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा पिशव्यांमध्ये खेळते आणि धूर आपल्याहून कितीतरी जास्त शोषला जातो. पिंजरा दुसऱ्या खोलीत नेला तर तो माणसांपासून तुटतो. त्यांनी स्वतःच म्हटलं, ‘पोरी, देवाचं कसं बंद करणार?’ बरोबर आहे. कुणाची पूजा बंद करायला लावून पक्षी देऊ नये. महिनाभराने धूप पुन्हा सुरू होतो आणि तोवर पक्ष्याची जबाबदारी कुणाकडेच उरत नाही.

घर पारखताना आमची कसोटी एवढीच असते : या घरातली कुठली खोट खिळा-जाळी-पैशाने दुरुस्त होते आणि कुठली त्या माणसांच्या रोजच्या जगण्यातच मुरलेली आहे? पहिली कितीही मोठी दिसली तरी चालते. दुसरी लहान असली तरी टाळावी.

जे घर निवडलं

अमळनेरच्याच एका शिवणकाम करणाऱ्या ताई, सोबत सासूबाई आणि नववीतला मुलगा. आधी कधी पक्षी पाळलेला नाही. पहिल्या भेटीत घर पाहिलं तेव्हा धोके सगळ्यात जास्त याच घरात निघाले. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे, टाचण्या, नॉनस्टिक तळाची इस्त्री, डोक्यावर पंखा, बिनजाळीची खिडकी आणि थेट बाहेरच्या ओट्यावर उघडणारा दरवाजा. पण ताई सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत त्याच खोलीत मशीनवर बसलेल्या असतात. सासूबाईंना बोलायला कुणीतरी हवं असतं. घरात धूप नाही, स्वयंपाकघर मागच्या बाजूला, मधे दार. शिवाय ताईंनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘तो किती खातो?’ अशा प्रश्नावरून माणसाची तयारी कळते.

दोऱ्याचा धोका समजावून सांगावा लागला, कारण तो चटकन पटत नाही. पक्षी पिंजऱ्यातून बाहेर आला की जमिनीवर उतरतो, बारीक दोरा त्याच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, चालताना फास आवळत जातो आणि दोन दिवसांत बोट काळं पडतं. उपाय म्हणून पिंजऱ्याची जागा मशीनपासून सहा-सात फुटांवर, भिंतीलगत, छातीच्या उंचीवर ठरवली. चिकू बाहेर येण्याआधी खोली झाडायची आणि ओल्या फडक्याने पुसायची, टाचण्या झाकणाच्या डबीत. इस्त्रीचं काम मागच्या ओसरीत हलवलं, कारण नॉनस्टिकचा थर जास्त तापला की न दिसणारा वायू सुटतो आणि त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो. स्वयंपाकघरातल्या तव्यालाही तोच नियम लागू. लोखंडी तवा त्यांच्याकडे होताच. ठेच्यासाठी मिरच्या भाजताना मधलं दार बंद. खिडकीला अर्ध्या इंचाची तारेची जाळी, दरवाजाला आतून जाड पडदा. पंखा बंद केल्याशिवाय पिंजरा उघडायचा नाही, आणि हे विसरू नये म्हणून पंख्याच्या बटनाला लाल रिबिन बांधली.

पिंजरा नवा घ्यायचा होता. एका बजीला निदान दोन फूट रुंद, दीड फूट खोल, दीड फूट उंच लागतो. उंचीपेक्षा रुंदी मोलाची, कारण बजी आडवा उडतो. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, डोकं अडकतं. दुकानातली गुळगुळीत प्लास्टिकची दांडी काढून पेरूच्या आणि कडुनिंबाच्या, बोटाएवढ्या जाडीच्या वाकड्यातिकड्या फांद्या बसवल्या. जाडी बदलती असली की तळव्याला एकाच जागी घट्टे पडत नाहीत.

पिंजरा आणि जाळी तयार झाल्याचा फोटो आल्यावरच तारीख ठरली. ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीची निघत होती, ती मुद्दाम पुढे ढकलली. आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, घर पोराबाळांनी भरतं आणि दरवाजा दिवसभर उघडा. नवीन पक्ष्यासाठी याहून वाईट आठवडा नाही. चिकू शेजारणीकडे सुखरूप होता, म्हणून थांबता आलं.

सोबत दिलेलं टिपण

एका वहीच्या पानावर मुलीने सगळं लिहून दिलं. वजन 37 ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सकाळी खाण्याआधी. दाणा रोज दोन सपाट चहाचे चमचे : बहुतेक राळा, म्हणजे नंदुरबारकडची भादली, थोडी बाजरी. सूर्यफूल नाही, त्याने चरबी वाढते. कोथिंबीर किंवा मेथीची धुतलेली काडी रोज, शेवग्याचा पाला मिळेल तेव्हा, गाजर किसून. समुद्रफेनाचा तुकडा कायम टांगलेला. तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. मीठ, चहा, शेव, चिवडा, कांदा, चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो यांतलं काही नाही. रात्री साडेआठला पातळ सुती कापड, एक बाजू उघडी. आंघोळ बशीत, दुपारच्या आत. घाबरला की अंग बारीक करून उभा राहतो, आजारी पडला की उलट फुगून बसतो. हा फरक अधोरेखित केला होता. शेवटी, ‘काय करी राहिना’ ऐकलं की तो जवळ येतो.

त्याच पानाच्या मागे करार म्हणावा असा मजकूर होता. न जमल्यास पक्षी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, कळवायचं. आजीमुळे तो मूळ घरी परत येऊ शकत नव्हता, म्हणून परतीची जागा म्हणून शेजारणीचं नाव, तिला विचारून, आधीच लिहिलं. ‘नाही जमलं तर परत द्या’ असं तोंडाने म्हणायचं आणि परत ठेवायला जागाच नसायची, हे बहुतेक वेळा होतं.

नेणं आणि पहिले दिवस

पहाटे साडेपाचला धुळ्याहून निघाले, ऊन चढायच्या आत अमळनेर. चारचाकीत, काचा वर, एसी मंद आणि झोत पिंजऱ्यावर नाही. लहान प्रवासी पिंजऱ्याला तीन बाजूंनी सुती कापड, तळाशी रुमाल, म्हणजे पाय घसरत नाहीत. पाण्याची वाटी काढून काकडीची चकती आणि चिमूटभर राळा. मोटारसायकलच्या हँडलला पिंजरा अडकवून नेण्याची पद्धत सर्रास दिसते, पण वाऱ्याच्या माऱ्याने आणि हादऱ्यांनी पक्षी निम्मा खचूनच पोचतो.

चिकूचा जुना लहान पिंजराही सोबत नेला आणि नव्याच्या शेजारी ठेवला. पहिले दोन दिवस जुन्यातच, तिसऱ्या दिवशी तोंडाला तोंड लावून दोन्ही दारं उघडी. पहिल्या दिवशी कुणी हात घालायचा नाही. ताईंनी मशीनवर पाठ करून बसायचं आणि नेहमीचं काम करायचं. पायाने चालवायच्या मशीनच्या एकसुरी आवाजाची भीती वाटेल असा अंदाज होता, पण दुपारपर्यंत चिकू त्या आवाजावर चिवचिवायला लागला. सलग चालणाऱ्या आवाजावर बजी बरेचदा असेच बोलतात.

अडचण आली ती चौथ्या दिवशी. वजन 34 वर आलं. ताईंचं म्हणणं, ‘वाटी तर भरलेली आहे, तो खातच नाही.’ मुलीने व्हिडिओ कॉलवर वाटीवर फुंकर मारायला सांगितली. वरचा सगळा थर उडाला, खाली दहा-बारा दाणे. बजी दाणा चोचीत सोलतो आणि टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे रिकामी वाटी भरलेली दिसते. नवीन पालकाकडचे पक्षी असे भरल्या वाटीसमोर उपाशी मेल्याचं घडतं. दुसरी गोष्ट, नव्या पिंजऱ्यातल्या दाणापेट्या छत असलेल्या प्लास्टिकच्या होत्या आणि चिकू उघड्या स्टीलच्या वाटीत खाणारा. त्या अंधाऱ्या पेटीत तो डोकंच घालेना. जुनी वाटी दांडीजवळ लावली, राळ्याचं अख्खं कणीस टांगलं, आणि रोज सकाळी टरफलं फुंकून दाणा बदलायचा ठरलं. आणखी दोन दिवसांनी 36.

मर्यादा आधीच ठरलेली होती. वजन दहा टक्क्यांनी घटलं, म्हणजे 33 च्या आसपास गेलं, किंवा चोवीस तास विष्ठा दिसली नाही, शेपूट श्वासाबरोबर वरखाली हलताना दिसली, तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी आणि शेळ्या बघणारे असतात, म्हणून पक्षी तपासणारे कोण, हे ताईंनी आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही.

हातावर यायला वेळ लागला. टेम पक्षी सगळ्या जगाला टेम नसतो, तो ओळखीच्या हाताला टेम असतो. मुलाने दुसऱ्याच दिवशी बोट पुढे केलं आणि चावा खाल्ला. सासूबाईंनी मात्र नुसतं शेजारी बसून, धुळ्याच्या आजीचं ध्वनिमुद्रण ऐकून तसंच, अहिराणीत बोलणं सुरू ठेवलं. आठवडा संपताना कणीस धरलेल्या त्यांच्या हातावर तो पहिल्यांदा चढला, ताईंच्या नाही. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून खोलीत फिरवणं त्यानंतरच सुरू झालं, रोज अर्धा तास, पंखा बंद, पडदा ओढलेला.

उन्हाळ्यासाठी कूलर समोरच्या भिंतीला, झोत पिंजऱ्याच्या वरून. वीज गेली तर खिडकीच्या जाळीवर ओलं गोणपाट. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले दिसले की उथळ बशीत पाणी द्यायचं आणि जमिनीलगत, थंड फरशीजवळ पिंजरा ठेवायचा. बर्फाचं पाणी अंगावर मारायचं नाही.

आता ताईंना चिकूसाठी ‘जोडीदारीण’ आणायची आहे. आमचा सल्ला दिवाळीपर्यंत थांबायचा. आणला तर नरच आणावा. दोन नर सहसा गुण्यागोविंदाने राहतात आणि अंड्यांचा प्रश्न येत नाही. मादी आणली आणि दुकानदाराने दिलेलं, अंडी घालायचं मडकं टांगलं, की पिल्लांसाठी पुन्हा घरं शोधत फिरावं लागेल. नवा पक्षी निदान तीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाटीत, आणि दाणापाणी आधी चिकूचं, मग त्याचं. पावसाळ्यात राळा एका वेळी अर्धा किलोच भरावा, कोरड्या डब्यात ठेवावा आणि कुबट वास आला तर सगळा टाकून द्यावा.